परतीची वाट ठेवणारा माणूस : जॉन पोस्टेल

जॉन पोस्टेल हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते रात्री पावणेदोन वाजता, नेटवर्क लॅबमध्ये, मान खाली घालून बसलेलो असताना!

त्याचं असं झालं. आपल्या लॅबमधला एक जुना राउटर प्रॅक्टिकललाही वापरतात आणि हॉस्टेलच्या दोन मजल्यांचं नेटही त्याच्यावरूनच जातं. त्याचं ऑपरेटिंग सिस्टिमचं सॉफ्टवेअर फार जुनं झालं होतं. त्यात सुरक्षेच्या त्रुटी होत्या, म्हणून ते बदलायचं ठरलं होतं. सर रविवारी सकाळी स्वतः बसणार होते. मला तेवढा धीर नव्हता. शनिवारी रात्री साडेनऊला मी आणि माझा रूम पार्टनर लॅबची किल्ली घेऊन गेलो आणि नवी फाइल राउटरकडे सोडली. जागा कमी आहे, जुनी फाइल पुसू का, असं राउटरने विचारलं. आम्ही एंटर मारला. अर्धी फाइल गेली आणि लाइट गेली. यूपीएस होता, पण राउटरची वायर त्यात नव्हतीच, ती भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये होती. लाइट आली, पण राउटर काही उठला नाही. जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट! सेटिंग्ज वेगळ्या मेमरीत असतात म्हणून तेवढ्या वाचल्या, त्यात आमची हुशारी काही नव्हती. आणि सकाळी नऊला दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांची एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट होती.

शेवटी सरांना फोन केला. साडेअकराला सर आले. ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. त्यांच्या लॅपटॉपवर जुन्या सॉफ्टवेअरची प्रत होती. मागच्या वर्षीच त्यांनी ती काढून ठेवली होती. राउटरच्या रॉममध्ये एक पुसता न येणारा छोटा प्रोग्राम असतो, तो कन्सोलच्या वायरीतून फाइल घेतो. पण त्या वायरीचा वेग सेकंदाला ९६०० बिट. फाइल १६ एमबीची. गणित तुम्हीच करून बघा, पाच तास होतात. आम्ही तिघं स्क्रीनवर सरकणारे ठिपके बघत बसलो. पावणेदोनच्या सुमारास सरांनी सहज विचारलं, की नवी फाइल पाठवायला टीएफटीपी वापरलंत, त्याचा पोर्ट नंबर किती? मी म्हणालो, ६९. मग त्यांनी विचारलं, की तो ६९ कुठल्या यादीत आहे आणि ती यादी कोणी ठेवली? मला ठाऊक नव्हतं. पहाटेपर्यंत सरांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते इथे लिहितो आहे.

एका शाळेतले तिघे

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावी झाला. शिक्षण लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये. त्याच शाळेत स्टीव्ह क्रॉकर आणि व्हिंट सर्फ हेही शिकले. पुढे इंटरनेट उभं करणाऱ्यांत ज्यांची नावं घेतली जातात, त्यातले तिघे एकाच शाळेचे! पोस्टेल यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे यूसीएलएमधून, १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स केलं आणि १९७४ मध्ये पीएचडी मिळवली.

मधल्या काळात, १९६९ साली, त्यांच्या विद्यापीठात एक पेटी आली. फ्रिजएवढी, जाड पोलादी कपाटात बसवलेली. हनीवेल ५१६ हा कॉम्प्युटर होता तो, पण त्याचं काम वेगळं होतं. त्याला आयएमपी म्हणत. दूरच्या कॉम्प्युटरकडे जाणारा मजकूर तुकड्यातुकड्यांनी पुढे ढकलणं, कुठल्या वाटेने पाठवायचा ते ठरवणं, हे त्याचं काम. म्हणजे आजच्या राउटरचा आजोबाच. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या वाचकांना सांगायचं तर नीरा डाव्या कालव्यावरचा पाटकरी. पाणी त्याचं नसतं, शेतही त्याचं नसतं, पण कुठल्या चारीला कधी सोडायचं ते त्याच्या हातात. तो चुकला की शेवटच्या माणसाचं पीक वाळतं.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी यूसीएलएमधून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. लॉगिन शब्दाची दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. (वाचून मला जरा बरं वाटलं.) हे जाळं म्हणजे अर्पानेट, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभं राहिलेलं. पोस्टेल त्या वेळी तिथे संशोधक विद्यार्थी होते.

या आयएमपींचं सॉफ्टवेअरही बदलावं लागे. ते लिहिणारी कंपनी, बोल्ट बेरानेक अँड न्यूमन, देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समध्ये होती. दर वेळी विमानाने माणूस पाठवणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी सोय अशी केली की एखादा आयएमपी स्वतःचा प्रोग्राम गमावून बसला, तर शेजारच्या आयएमपीकडून तो वायरीवरून मागून घ्यायचा. त्यासाठी मेमरीचा एक छोटासा भाग राखून ठेवलेला, जो बाकी सगळं गेलं तरी टिकेल. त्या रात्री आपल्या राउटरला ज्याने वाचवलं, तो रॉममधला छोटा प्रोग्राम याच विचाराचा. सगळं बदला, पण बदलणाऱ्याला परत उभं करणारा एक कोपरा कधी पुसू नका.

क्रमांकांची वही

जाळं वाढायला लागलं तशी एक किरकोळ वाटणारी अडचण आली. एका यंत्रावर अनेक सेवा असतात. टपालाला कुठला क्रमांक, फाइलींना कुठला, दूरच्या लॉगिनला कुठला? प्रत्येकाने आपापला ठरवला तर कोणाचा मेळ कोणाशी बसणार? मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एक छोटं टिपण काढलं. हे क्रमांक वाटायला कोणीतरी एकच माणूस असावा, असं त्यांनी सुचवलं, आणि तो बहुधा मीच का, असं प्रश्नचिन्ह घालून विचारलं. कोणी नाही म्हटलं नाही. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे २६ वर्षं, ते काम त्यांच्याकडे राहिलं. टेलनेटला २३, टपालाला २५, नावांच्या सेवेला ५३, टीएफटीपीला ६९ हे त्यांनी चालवलेल्या यादीतले क्रमांक.

दुसरं काम त्याहून मोठं. अर्पानेटवरचे प्रस्ताव, नियम, भांडणं, सगळं टिपणांच्या एका मालिकेत येई. तिला आरएफसी म्हणतात. पहिलं टिपण एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिलं. या मालिकेचे संपादक म्हणून पोस्टेल यांनी जवळजवळ २८ वर्षं काम केलं. आलेलं प्रत्येक टिपण वाचायचं, संदिग्ध वाक्यं लेखकाकडून दुरुस्त करून घ्यायची, क्रमांक घालायचा आणि सगळ्यांना मोफत वाचायला ठेवायचं.

या मालिकेचा एक नियम मला फार आवडला. एकदा प्रसिद्ध झालेलं टिपण पुन्हा बदलायचं नाही. चूक निघाली तर नवं टिपण, नवा क्रमांक, आणि हे अमुक जुन्या टिपणाच्या जागी आहे अशी नोंद. जुनं फाडायचं नाही, ते तिथेच राहतं. कधी कशामुळे काय बदललं ते १९६९ पासून आजही कोणालाही बघता येतं. आपण मात्र राउटरची एकुलती एक चालू फाइल पुसून मोकळे होतो!

एका मोठ्या प्रोटोकॉलचे दोन

यूसीएलए सोडल्यावर पोस्टेल काही काळ स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत होते. १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. लांब दाढी, पायात सँडल, सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून डोंगरात. मोठ्या पगाराच्या मागे ते गेले नाहीत.

अर्पानेटवर सुरुवातीला एनसीपी नावाचा प्रोटोकॉल चाले. तो एकाच जाळ्यापुरता होता. रेडिओचं जाळं, उपग्रहाचं जाळं आणि अर्पानेट एकमेकांना जोडायची तर नवा प्रोटोकॉल हवा होता. व्हिंट सर्फ आणि बॉब काहन यांनी त्याची मांडणी १९७४ मध्ये केली. पण सुरुवातीच्या टीसीपीमध्ये सगळं एकत्र होतं : वाट शोधणंही आणि हरवलेलं पुन्हा पाठवणंही. ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात स्पष्ट लिहिलं, की आपण थरांचा नियम मोडतो आहोत, ही दोन कामं वेगळी करा. १९७८ मध्ये ती वेगळी झाली. आयपीने फक्त पुढे ढकलायचं, टीसीपीने दोन्ही टोकांना हिशोब ठेवायचा.

याचा राउटरशी काय संबंध? फार मोठा. मधल्या राउटरला आता फक्त आयपी कळणं पुरेसं झालं. त्यामुळे मधला एखादा राउटर काही मिनिटं बंद करून त्याचं सॉफ्टवेअर बदललं, तर पॅकेट दुसऱ्या वाटेने जातात आणि हरवलेली टोकाची यंत्रं पुन्हा पाठवतात. दुसरी वाट असेल तर वापरणाऱ्याला कळतही नाही. (आपल्या हॉस्टेलला दुसरी वाट नाही, हा भाग वेगळा.)

सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी, टीसीपी आणि आयसीएमपीची जी अधिकृत टिपणं निघाली, त्यांचे संपादक पोस्टेल. त्याआधी ऑगस्ट १९८० मध्ये यूडीपीचं टिपण त्यांनी लिहिलं, अवघ्या तीन पानांचं! त्यांचा एक नियम पुढे त्यांच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. पाठवताना काटेकोर राहा, घेताना सैल राहा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बोलताना तोलून बोला, ऐकताना मन मोठं ठेवा. जाळ्यात जुनी-नवी यंत्रं एकत्र नांदायची तर याला पर्याय नव्हता. अर्थात या नियमाला दुसरी बाजूही आहे. घेणारा फार सैल राहिला की पाठवणाऱ्याची चूक वर्षानुवर्षं तशीच राहते आणि तीच वहिवाट होऊन बसते. २०२३ मध्ये त्याच आरएफसी मालिकेत हा आक्षेप सविस्तर मांडला गेला. पोस्टेल असते तर त्यांनी त्यालाही क्रमांक दिला असता, असं मला वाटतं.

जाळं थांबलं तो दिवस

२७ ऑक्टोबर १९८० रोजी सगळं अर्पानेट काही तास ठप्प झालं. झालं होतं एवढंच, की एका आयएमपीच्या हार्डवेअरमध्ये दोष येऊन काही बिट गळले. त्यामुळे वाटांच्या माहितीच्या एकाच संदेशाच्या तीन प्रती फिरायला लागल्या, त्यांचे अनुक्रमांक ८, ४० आणि ४४. हे क्रमांक घड्याळासारखे फिरून पुन्हा शून्यावर येणारे. त्या हिशोबात ४० हा ८ च्या नंतरचा, ४४ हा ४० च्या नंतरचा आणि ८ हा पुन्हा ४४ च्या नंतरचा! प्रत्येक आयएमपीला प्रत्येक प्रत नवीच वाटे आणि तो ती शेजाऱ्यांना पाठवत बसे. खरा मजकूर जायला जागाच उरली नाही.

एखादा आयएमपी बंद करून चालू केला तरी उपयोग नव्हता, शेजारी त्याला तेच संदेश पुन्हा देत. शेवटी एकेका आयएमपीच्या सॉफ्टवेअरला ठिगळ लावावं लागलं, की त्या विशिष्ट यंत्राकडून येणारे हे संदेश टाकून द्या. जाळं शुद्धीवर आल्यावर ते ठिगळ काढून घेतलं. या सगळ्याचा सविस्तर अहवाल एरिक रोझेन यांनी लिहिला आणि जुलै १९८१ मध्ये तो पोस्टेल यांच्या मालिकेत सगळ्यांसाठी प्रसिद्ध झाला. लपवाछपवी नाही, कोणाला फासावर चढवणं नाही. काय चुकलं ते लिहा, म्हणजे पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडणार नाही.

१ जानेवारी १९८३

आता पोस्टेल यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड कामाकडे येऊ. अर्पानेटवरची सगळी यंत्रं एनसीपीवरून टीसीपी-आयपीवर न्यायची. आपला एक राउटर बदलताना आपली ही तऱ्हा, इथे विद्यापीठं, प्रयोगशाळा, लष्करी कार्यालयं अशी काही शे यंत्रं. प्रत्येकाचं हार्डवेअर वेगळं, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, मालक वेगळा. आणि चालू काम थांबवायचं नाही.

नोव्हेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांनी या बदलाचा आराखडा प्रसिद्ध केला, आरएफसी ८०१. त्यात शब्दांचा फुलोरा नाही. तारीख दिली आहे : १ जानेवारी १९८३. त्याआधीचं १९८२ हे पूर्ण वर्ष दोन्ही प्रोटोकॉल शेजारी-शेजारी चालतील. ज्यांच्याकडे फक्त जुना आणि ज्यांच्याकडे फक्त नवा आहे, त्यांचा संवाद तुटू नये म्हणून मध्ये काही यंत्रं दुभाष्याचं काम करतील : टपालासाठी, फाइलींसाठी, लॉगिनसाठी. कुठल्या यंत्राची तयारी कुठवर आली, त्याची यादीही जोडलेली.

तरीही माणसं माणसंच! सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणारे फक्त आपल्याच कॉलेजात असतात असं नाही. अनेक ठिकाणी काम सुरूच झालं नव्हतं. म्हणून १९८२ च्या मध्यावर एक दिवस आयएमपींमधून एनसीपीचा मजकूर बंद केला गेला. ज्यांची तयारी नव्हती त्यांचं काम अडलं, आरडाओरडा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू. शरद ऋतूत पुन्हा दोन दिवस बंद. मला यातली गंमत कळायला वेळ लागला. ही नुसती धमकी नव्हती, रंगीत तालीम होती. बंद करता येतं आणि बंद केलेलं परत चालूही करता येतं, हे त्यांनी आधीच करून बघितलं.

१ जानेवारी १९८३ आला. बदल झाला. काही यंत्रांना पुढे काही महिने सवलत द्यावी लागली, पण जाळं तुटलं नाही. बदलातून आपण वाचलो अशा अर्थाचे बिल्ले लोकांनी छातीवर लावले. डिसेंबर १९८२ पासून काही महिने एक पाहणीही चालू होती. कुठलं यंत्र टीसीपीला उत्तर देतं आणि कुठलं नाही, याच्या याद्या नावानिशी आरएफसी मालिकेत छापल्या जात. काम झालं असं समजून कोणी झोपी गेलं नाही. झालं का, ते यंत्राला विचारून बघितलं.

मुंबईशी आलेला संबंध

पोस्टेल यांची वही पुढे देशांच्या नावांपर्यंत गेली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये पोस्टेल यांच्याच संस्थेत डोमेन नावांची पद्धत तयार केली. मग प्रत्येक देशाला दोन अक्षरं द्यायची वेळ आली. देश कुठला आणि कुठला नाही हे ठरवायच्या फंदात पोस्टेल पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी घेतली आणि तीच पाळली. ज्याला नाव सोपवलं तो मालक नव्हे, विश्वस्त आहे, असं १९९४ च्या टिपणात त्यांनी लिहून ठेवलं.

भारताचं डॉट इन मे १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि ते सांभाळायचं काम आलं मुंबईला, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे एनसीएसटीकडे. देशातल्या आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि एनसीएसटी यांना जोडणारं अर्नेट हे जाळं तेव्हा उभं राहत होतं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. एनसीएसटी २००३ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि २००५ मध्ये डॉट इनचं काम निक्सीकडे गेलं. नावाचा कारभार एका हातातून दुसऱ्या हातात गेला, पण डॉट इनचा पत्ता टाइप करणाऱ्या कोणाला त्या दिवशी काही जाणवलं का? चांगल्या बदलाची खूण हीच.

एक आठवडा आणि एक चूक

आता थोडं अवघड पान. पोस्टेल यांना देव करून ठेवायचं नसेल तर ते वाचायलाच हवं.

१९९० नंतर इंटरनेट व्यापाराचं झालं. डोमेन नावांना पैसे आले आणि या सगळ्याचा मालक कोण, हा वाद पेटला. नावांच्या पद्धतीच्या मुळाशी काही रूट सर्व्हर असतात. मुख्य सर्व्हर अमेरिकन सरकारच्या कंत्राटावर एक कंपनी चालवत होती, बाकीचे तिच्याकडून यादी घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी बाकीच्या चालकांना ईमेल पाठवली, की यादी यापुढे आमच्या यंत्राकडून घ्या. बारापैकी आठ जणांनी तसं केलं. कारण सांगणारा माणूस पोस्टेल होता.

जगात कोणाचंच इंटरनेट बंद पडलं नाही. यादी तीच होती. तांत्रिकदृष्ट्या काम इतकं स्वच्छ झालं की बाहेर कोणाला कळलंही नाही. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. सरकारने सांगितलं, हे उलटं फिरवा. पोस्टेल यांनी ती चाचणी होती असं सांगितलं आणि आठवड्याभरात सगळं पूर्ववत केलं.

ते बरोबर होते की चूक, यावर आजही दोन मतं आहेत. काहींना वाटतं, जाळं कोणा एकाच्या मालकीचं नाही हे त्यांनी दाखवून दिलं. पण ज्या माणसाने १९८१ मध्ये वर्षभर आधी तारीख जाहीर करून काम केलं, त्याने या वेळी सगळ्यांना आधी सांगितलं नाही, हे मला खटकतं. परतीची वाट त्यांनी ठेवली होती म्हणून निभावलं. पण बदल सुरक्षित असणं पुरेसं नसतं. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर आपण उचलतो आहोत त्यांना विचारावंही लागतं. शनिवारी रात्री मी दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांना विचारलं होतं का? नाही. आणि माझ्याकडे तर परतीची वाटही नव्हती.

एकाच माणसाच्या वहीवर जगाचं जाळं चालणं बरं नव्हे, हे पोस्टेल यांनाही पटलेलं होतं. त्यांनी त्या वर्षी आपलं काम एका संस्थेकडे सोपवायची तयारी केली. ती संस्था, आयकॅन, सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस नोंदली गेली. पण ती मार्गी लागलेली बघणं त्यांच्या नशिबात नव्हतं. त्यांच्या हृदयाचं एक ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालेलं होतं. पुन्हा झडपेचं ऑपरेशन करावं लागलं आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीत १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय फक्त ५५. शाळेपासूनच्या ओळखीच्या व्हिंट सर्फ यांनी श्रद्धांजली लिहिली ती आरएफसी म्हणूनच, क्रमांक २४६८. पोस्टेल यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तेव्हा १९९९ मध्ये पहिला मान मरणोत्तर त्यांनाच मिळाला. जाळं मात्र एक मिनिटही थांबलं नाही. सगळं लिहून ठेवलेलं होतं ना!

सरांचा कागद

पहाटे पावणेपाचच्या सुमारास ठिपके थांबले. राउटर उठला. सरांनी पहिली गोष्ट केली ती पिंग. मग म्हणाले, की पिंग ज्या आयसीएमपीवर चालतं ते टिपण पोस्टेलचं. टीएफटीपी ज्या यूडीपीवर चालतं ते पोस्टेलचं. टेलनेटच्या १९८३ च्या टिपणावर त्यांचं आणि जॉइस रेनॉल्ड्स यांचं नाव. (टेलनेट आता वापरू नका, पासवर्ड उघडा जातो, एसएसएच वापरा, हेही लगेच सांगितलं.) ज्या माणसाच्या कामावर तुम्ही रात्रभर बसला होतात, त्याची पद्धत तेवढी घेतली नाहीत!

तेव्हापासून लॅबच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. तुमच्या उपयोगाचा म्हणून इथे देतो.

१. आधी राउटरला विचारा : मॉडेल कोणतं, आत्ता कुठलं सॉफ्टवेअर चालू आहे, रॅम किती, फ्लॅश किती. नव्या सॉफ्टवेअरला लागते तेवढी मेमरी नसेल तर तिथेच थांबा.

२. चालू सॉफ्टवेअर आणि चालू सेटिंग्ज, दोन्हींची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्या. प्रत उघडून बघा.

३. नवी फाइल कंपनीच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्या. तिचा हॅश कंपनीने छापलेल्या हॅशशी जुळवा, एकदा लॅपटॉपवर आणि एकदा राउटरमध्ये पोचल्यावर.

४. फ्लॅशमध्ये जागा असेल तर जुनी फाइल पुसू नका. आधी नवी, ती नाही चालली तर जुनी, असा क्रम राउटरला लिहून द्या. जागाच नसेल तर पुसण्याआधी मुद्दा दोन पुन्हा वाचा.

५. सॉफ्टवेअर कुठून चालतं ते बघा. सिस्कोच्या २६०० मालिकेत ते रॅममध्ये उलगडून चालतं, म्हणून चालू असताना फ्लॅशवर लिहिता येतं. २५०० मालिकेत ते थेट फ्लॅशमधूनच चालतं, तिथे आधी रॉममधल्या छोट्या सॉफ्टवेअरवर चालू करावं लागतं.

६. कन्सोलची वायर जोडलेली असू द्या. राउटर यूपीएसवर घ्या. ज्यांचं नेट जाणार आहे त्यांना एक दिवस आधी सांगा.

७. रीस्टार्टनंतर व्हर्जन बघा, वाटांची यादी बघा, पिंग करा, आणि काय केलं ते वहीत तारखेसह लिहा.

नऊची टेस्ट झाली. त्या पोरांना रात्री काय घडलं ते कळलंच नाही. आज हा लेख वाचूनच कळेल. (मित्रांनो, माफ करा.)

दिवाळीच्या सुट्टीत निमगाव केतकीला घरी गेलो तेव्हा वडिलांना हे सगळं सांगितलं. आमचा पानमळा आहे. त्यांना राउटर कळला नाही, पण गोष्ट बरोबर कळली. पानवेल वाढत वाढत शेवरीच्या शेंड्याला गेली की ती उतरवावी लागते. खाली आणून बुडाशी गुंडाळायची, मातीने झाकायची आणि शेंडा वर ठेवायचा. मूळ तेच, फूट नवी. वडील कधीही सगळा मळा एका दिवशी उतरवत नाहीत. चार ओळी उतरवतात, त्या धरल्या की पुढच्या चार. तोवर बाकीच्या ओळींची पानं खुडून बाजारात जात असतात. हे त्यांना कोणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाले, की एकदा त्यांच्या वडिलांनी घाई केली होती आणि त्या वर्षी घरात पानाचा पैसा आला नव्हता.

तेवढं बोलून ते पाण्याची पाळी धरायला निघून गेले. मी सरांच्या कागदाचा फोटो मोबाइलवर पुन्हा एकदा वाचला. पुढच्या महिन्यात शेजारच्या लॅबमधला राउटर बदलायचा आहे. सरांनी ते काम मला दिलं आहे. तारीख नोटीस बोर्डावर लावली आहे, प्रत काढून ठेवली आहे, आणि प्लग यूपीएसमध्येच आहे, हे मी दोनदा बघून आलो आहे.